सत्तर मिलिमीटर

डॉम्निकाच्या हातात पत्र्याची एक कडी आहे.
सफरचंद तिच्यातून गळलं तर लहान,
अडकलं तर पश्चिमेचं.
पूर्वेनं मापाची पर्वा कधी केली नाही,
त्यांना लाल हवं, वेळेवर हवं,
आणि शिक्का ठळक.

काल नवा अध्यक्ष बोलला.
शेडमधल्या टीव्हीचा आवाज चिरका.
पट्टा कुणी थांबवला नाही, हात मात्र थांबले,
आणि न निवडलेली सफरचंदं
पुढे जात राहिली, टोकाशी पडत राहिली,
धप्. धप्.
तो म्हणाला, सगळ्यांशी मैत्री.
तो म्हणाला, जुने करार पुन्हा वाचू.
‘पुन्हा’च्या आधी त्यानं पाण्याचा घोट घेतला.
वेरोनिका म्हणाली, टाय बरा आहे.
कुणी हसलं नाही.

मी इथला हिशेबनीस.
शीतगृहात नऊशे टन, तापमान एक अंश,
विजेचं बिल पाच तारखेला येतं, अध्यक्ष कुणीही असो.
ऑक्टोबरपासून सफरचंदं आत श्वास रोखून आहेत;
रोखून नाही म्हणा, अगदी हळू घेत.
गावही तसंच.

तोल्याचा ट्रक प्रूटच्या पुलावर, आज तिसरा दिवस.
नाक्यावरचा शिपाई त्याच्या ओळखीचा,
दरवर्षी एक पेटी घरी नेणारा.
कालपासून तोही प्रत्येक कागद
उजेडात धरून बघतो.
पेटी नको म्हणाला.
तोल्याला भीती वाटली ती तिथे.

माझ्या मेहुण्यानं त्यालाच मत दिलं.
रविवारी बहिणीनं दोऱ्यानं मामालिगा कापली
आणि त्याच्या ताटात जरा लहान तुकडा गेला.
त्यानं ते पाहिलं.
म्हणाला, तू हिवाळा मोजतोस आकड्यांत,
मी आईच्या मोज्यांत.
उत्तर माझ्याकडे होतं, तक्त्यासकट होतं.
पण त्याची आई शेजारीच बसली होती,
एकावर एक तीन जोड.

शाळेत एल्विराबाईंनी भिंतीवरचा नकाशा उतरवला,
धूळ झटकायची म्हणाल्या.
आठवडा झाला. खिळा तसाच आहे.
दुकानातून आधी मीठ गेलं, मग मेणबत्त्या,
मग कारण नसताना शिवणाचा दोरा.
रात्री झोप न येणारी माणसं
शीतगृहाच्या मागे फिरायला येतात,
येता-जाता भिंतीला कान लावतात:
यंत्र घरघरतंय ना?
घरघरतंय.
मग घरी जातात.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात.
आमची मुलं पश्चिमेला फरशा बसवतात,
आमच्या बायका तिथल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालतात,
आमची शेगडी पेटते पूर्वेच्या मेहेरबानीनं.
उपासाचं एवढं काही नाही, सवय आहे.
भीती याची, की उद्या दोन्ही घरं
दारातच, एका सुरात विचारतील:
जेवूनच आलास ना?

बाहेर सिमिओनकाका छाटणी करतोय.
चार नव्या ओळी लावल्यात त्यानं, कुणाला न विचारता.
कलम धरलं तर फळ चौथ्या वर्षी.
अध्यक्षाची मुदतही चारच.
मी त्याला हे सांगायला गेलो,
तर म्हणाला, शिडी धर.

आज सकाळी डॉम्निका टेबलाशी आली,
कडी मनगटात, बांगडीसारखी.
लिहिणाऱ्या, सांग, कुणाच्या मापानं निवडू?
मी वही उघडली.
तारीख लिहिली.
तारखेखाली रेघ ओढली, पट्टीनं,
मग तीच पुन्हा, जरा गडद.
ती थोडा वेळ थांबली,
मग गळालेल्यांच्या टोपलीतून एक उचलून
माझ्याकडे टाकलं.
मी चावलो.
इतकं गार होतं
की गोड आहे का, ते लगेच कळेना.