पावणेतीन किलोला थोडं कमी

आमचं आडनाव जिन्सीवाले.
जिन्सी म्हणजे तोफखाना, हे तात्यांनी मला
चौथीत असताना सांगितलं, आणि त्याच दिवाळीत
लवंगी माळेलाही कानात कापूस घालून
आतल्या खोलीत बसून राहिले.

आमच्या शहरात पत्ता सांगायचा
तर आधी फौजेत भरती व्हावं लागतं :
लष्कर, कंपू, छावणी, अमक्याची गोठ,
जिन्सी नाला नंबर दोन.
राहुट्या उठल्याच नाहीत. ताणांच्या जागी
विजेच्या तारा आल्या, इतकंच.

एकोणतीस डिसेंबर.
"पनिहारला नेतेस का?"
अ‍ॅक्टिव्हावर मागे बसले, दोन मफलर,
मांडीवर गजकचा डबा.
शिवपुरी रस्त्याला धुकं असं
की आधी हॉर्न यायचा, मग ट्रक.
"आपली पलटण टेकडीवर होती," माझ्या पाठीला सांगत होते,
"दुपार टळल्यावर सुरू झालं. अंधाराला संपलं."
आपली, म्हणाले.
पावणेदोनशे वर्षांत
हा एक शब्द जागचा हलला नव्हता.

तिथं मोहरी होती. कंबरेएवढी, फुलावर.
आम्हाला पाटी दिसली नाही. दगड दिसले,
पण ते नुसतेच दगड होते.
पंपाजवळ रामनिवास कुशवाह उन्हाची वाट बघत बसला होता.
"भाई, लड़ाई कहाँ हुई थी?"
"कौन सी? परसाल वाली?"
आणि त्यानं बांध दाखवला, ज्याच्यावरून
चुलतभावानं त्याचं डोकं फोडलं होतं.
टोपी काढून टाक्यांचे वण दाखवले.
तात्यांनी चष्मा सारखा करून तेही नीट पाहिले.
पाहायलाच तर आले होते.

"अच्छा, वो वाली," मग तो म्हणाला
आणि आम्हाला गोठ्याकडे घेऊन गेला.
दार आपटू नये म्हणून टेकवलेला लोखंडी गोळा.
आजोबाच्या नांगराला लागलेला.
म्हशीनं चाटून चाटून एक बाजू तुकतुकीत केलेली.

तात्या बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक.
सराफ्यात त्यांना बघून तराजू सरळ व्हायचे.
त्यांनी गोळा दोन्ही तळव्यांत घेतला,
एकदा वर, एकदा खाली.
"पावणेतीन किलोला थोडं कमी. सहा पौंडी."
मग बराच वेळ काही नाही.
मी विचारलं, आपला की त्यांचा?
"शिक्का झिजलाय," म्हणाले.

मला मुरारच्या कब्रस्तानातली पाटी आठवली,
कॉलेजात असताना पाहिलेली :
हुद्दा, वय, शोकाकुल सोबती.
वय बावीस. मीही तेव्हा बावीसच.
आमच्या गोलंदाजांची नावं
पगाराच्या वहीत असतील, अंगठ्यांशेजारी,
वाळवीनं वाचून संपवलेल्या.
सांगतात, ते तोफेपाशीच मेले, हलले नाहीत.
"त्यातला जो हलला असेल,"
तात्या गजकचा तुकडा मोडत म्हणाले,
"त्याचे आपण."
आणि मोठा तुकडा रामनिवासच्या पोराला दिला.

"ले जाओ बाबूजी, हमारे किस काम का."
आतून त्याची बायको :
"काम को कैसे नाने? किवार कौन रोकेगो?"
तात्या हसले. वाकून गोळा होता तिथंच ठेवला,
चाटलेली बाजू म्हशीकडे करून.
उठताना गुडघा वाजला. मी हात पुढे केला नाही,
त्यांनी धरला नसता.

परतताना गप्प होते.
कंपूच्या चौकात कुणीतरी
मॅच जिंकली म्हणून माळ लावली होती,
दहा हजारांची, संपता संपेना.
आरशात दिसलं : दोन्ही मफलर
कानांवर ओढून घेतलेत,
डोळे मिटलेत,
कपाळ माझ्या पाठीला टेकलंय.

सिग्नल लाल होता.
मी गाडी काढली.