पदराखालचा हात

सोसायटीने खुर्ची पाठवली होती, शिसवी, सिंहाच्या पायांची.
आवडाबाय गिरकर तिच्याकडे बघून म्हणाली,
"हेच्यार बसान माझो आवाज येवचो नाय,"
आणि बर्फाचा रिकामा खोका पालथा घालून बसली.
तिथेच चित्राची उंची ठरली.
मी इझल खाली घेतला, मग स्टूल,
शेवटी देवगड बंदराच्या ओल्या फरशीवर मांडीच घातली.
तीस वर्षं पोरांना शिकवलं, डोळ्यांची रेषा मध्यावर ठेवा;
हिच्या डोळ्यांची रेषा माझ्या टाळूवरून गेली.

पाऊण चेहरा धरावा म्हणून सांगितलं, जरा खाडीकडे वळा.
वळली. आणि वळलेली मान तिची राहिली नाही,
कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधली झाली.
"गिऱ्हाइकाक मी असा वाकडा बघणंय नाय, मास्तरानू."
तर मग समोरून. अगदी समोरून,
पासपोर्टच्या फोटोसारखं, देवळातल्या मुखवट्यासारखं.
समोरच्या चेहऱ्यात नाक अवघड,
सावलीशिवाय ते उभंच राहत नाही,
म्हणून डावी बाजू अंधारात सोडली:
कान, केस, लिलावाची शेड, सगळं एकाच काळपट हिरव्यात,
बाई कुठे संपते नि खांब कुठे सुरू होतो
कळू नये असं.
धार दिली ती फक्त हनुवटीला.

सेक्रेटरी मिठबावकर डोकावून गेले.
"मागे समुद्र घ्या की थोडा. एखादी होडी."
मी निळ्या ट्यूबचं झाकण काढलंसुद्धा.
ती म्हणाली, "समुद्र कोणाचो? माझो तराजू काढा."
मी तराजूही काढला नाही.
पांढरा रंग तर कुठेच नाही;
बांगड्याच्या पोटाला दुपारपर्यंत टिकतो तो उजेड
तेवढाच बोटाने घासला कपाळावर.

हात पदराखाली.
भाव तिथे ठरतो, कापडाआड, बोटाला बोट लावून,
शेजाऱ्याला कळत नाही
आणि दोघांना विसरता येत नाही.
सहा दिवस मी फक्त चुण्या काढल्या.
तीन बोटं धरली की एक चुणी मनगटावरून वर चढते,
चार धरली की मध्येच मोडते.
चित्रात बोटं नाहीत. भाव आहे.

"हात खंय?" कमिटीने विचारलं.
कुणीतरी हळूच: "येत नसतले तेंका."

ती उशिरा आली, लिलाव आटपून, पावलांना खवले.
बराच वेळ बघत राहिली.
मग तोंडाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, जवळजवळ टेकवलंच.
"हयसर माका उधारी दिसता."

खरं होतं. तिथे मी ब्रश दाबला नव्हता.
टोपली भरून देताना, वहीत काही न लिहिता,
"फाल्या दी" म्हणताना जो सैल पडतो
तो कोपरा होता तो.
"पुसान टाका. लिलावात तोंड वाचतत."

आवळला. एकाच फटक्यात, तपकिरीने.
"आता बरां," म्हणाली, आणि बर्फाचा खोका उचलून घेऊन गेली.

तिला सांगितलं नाही की रंगात तेल जास्त होतं.
असा थर वर्षांनी विरत जातो, खालचं वर येतं.
वीसेक पावसाळे, खारी भिंत, वर ट्यूबलाइट.
मिटिंगला कंटाळलेलं कुणी मान वर करील
आणि त्याला उगाच वाटेल,
हिच्याकडे मागून बघावं.

फ्रेमचे पैसे अजून यायचेत.
मीही वहीत लिहिलेले नाहीत.