कोरा

एप्रिल सरता सरता वसतिगृह रिकामं झालं.
उरलो दोघी, मी आणि मुबीना.
बी.एस्सी. दुसरं वर्ष, उन्हाळी संशोधन, महिना चार हजार,
आणि रेणापूरकर सरांनी दिलेल्या छत्तीस बाटल्या
थंड पेयाच्या जुन्या क्रेटमध्ये.

बाटली आधी आम्लानं धुवायची,
मग डिस्टिल्डनं तीनदा,
मग ज्या बोअरचं पाणी घ्यायचं त्याच पाण्यानं एकदा.
जालन्याच्या उन्हात एवढी धुणावळ
फक्त पाणी भरण्यासाठी.

मुलाम्याच्या शेडमागची वस्ती.
शेडमध्ये कपाटांच्या मुठी, सायकलींचे हँडल
चांदीसारखे होऊन बाहेर पडतात,
आणि पिवळट असं काहीतरी मागच्या चरातून.
तेविसावी बाटली चौत्राबाईंची.
"पाण्यात काय मोजता गं? हंडे मोजा," म्हणाल्या.
"आमचं पाणी गोडंय. एका वाफंत डाळ शिजती."
मी वहीत लिहिलं : चव गोड, वास नाही, रंग नाही.
डाळीसाठी रकाना नव्हता.
"दूध संपलंय. कोरा चालंल?"
गूळ घातलेला कोरा चहा, दोन कप.
मुबीनानं दुसऱ्यांदाही घेतला.

प्रयोगशाळेत रोज पहिला मान कोऱ्याचा.
यंत्राला आधी कोरं पाणी दाखवावं लागतं,
शून्य म्हणजे काय ते त्याला कळावं म्हणून.
मग प्रमाणित द्रावणं, मग आपले नमुने.
साडेअकराला लाईट जायची,
इंगोलेमामा म्हणायचे, "झालं तुमचं सायन्स,"
आणि माठातलं पाणी आणून द्यायचे.
(माठाचा नमुना आम्ही कधीच घेतला नाही.)

दोन थेंब आम्ल, थोडा अभिकर्मक,
दहा मिनिटं थांबायचं.
एकोणीस, वीस, एकवीस, बावीस : काही नाही.
तेविसात आधी कांद्याच्या सालीएवढा रंग आला,
मग जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर उरतो तेवढा.
"किती सुंदर!" मुबीना म्हणाली.
मला खरं सांगायचंय,
पहिल्यांदा आम्हाला आनंदच झाला.
सगळे ठिपके सरळ रेषेवर बसले होते.
तीनदा मोजलं, तीनदा तेच,
मर्यादेच्या नऊपट क्रोमियम.
त्या संध्याकाळी आम्ही भेळ खाल्ली, सरांना फोन केला,
आणि रात्री दात घासताना
मला तो गुळाचा चहा आठवला.
मुबीना जागीच होती. तीही काही बोलली नाही.

अहवालात चौत्राबाई नाहीत,
नमुना क्रमांक तेवीस आहे.
सर म्हणाले, पत्र कार्यालयात गेलंय,
वरून कळवतील, तोवर तुम्ही घाबरवू नका लोकांना.
सरांचं चुकत होतं असंही नाही.
रविवारी आम्ही रिक्षा केली.

"या या. आज दूध हाय!"
आदण ठेवलेलं, बुडबुडे धरायला लागलेलं.
मी पाठ करून आलेलं वाक्य
मुबीनानंच सांगून टाकलं, अर्धं मराठीत, अर्धं दखनीत.
चौत्राबाईंनी भांडं उतरवलं नाही.
गॅस तेवढा बंद केला.
"पण डाळ शिजती ना बाई तिच्यात."
मग बराच वेळ कोणीच काही नाही.
"नळ दहाव्या दिवशी येतो. ठावं हाय ना तुमच्या सरांना?"

उठलो तेव्हा त्या आत गेल्या,
सरबताची एक चिकट बाटली विसळली, भरून आणली.
"ही धाकट्या जावंची बोअर, रस्त्याच्या पल्याड.
हिचं बी बघा. आन् या सांगाया,
कागद नका धाडू."

आम्लानं धुतलेली नाही, डिस्टिल्डनं नाही,
झाकणाला अजून कोकमाचा वास.
पद्धतीप्रमाणे हा नमुना बाद.
रिक्षात मुबीनानं मांडीवर बाटली धरली,
मी पेनाचं टोपण दातानं काढलं
आणि कोऱ्या पट्टीवर लिहिलं :
सदतीस.