रकाना क्रमांक सात

पणजीहून छापील फॉर्म आलाय.
सातव्या रकान्यात प्रश्न:
‘कर्मचाऱ्यास नवी कल्पना कशामुळे सुचली?’
उत्तराला जागा दोन बोटं.

मी बेतीच्या फेरी-वर्कशॉपची भांडारपाल.
नट-बोल्ट मोजते, सही घेते, देते.
कल्पनांचं खातं माझ्याकडे नाही.
पण कायतानला विचारलं तर तो खांदे उडवतो,
‘तूंच बरय गे बाय.’

तर लिहिते.

ओहोटीला फेरीचा रॅम्प उभा चढ व्हायचा,
त्यावर शेवाळ, स्कूटर घसरायच्या.
कायताननं जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या.
तिसऱ्या दिवशी मांडवीनं नेल्या.
उसगांवकर फोरमननी रजिस्टर उघडलं,
नुकसानीचं कारण लिहिलं: गंज.
पेन खिशाला लावत त्याला म्हणाले, ‘मागीर?’
एवढंच. मागीर?

मग त्याला अख्खा एक दिवस दिला.
हत्यारं इथंच ठेव, फेरीत बस,
ये-जा कर, काही करू नकोस.
कितव्यातरी खेपेला एक मासळीवाली
पाटी सावरत त्याला म्हणाली,
डोक्यावर ओझं असलं की पाय दिसत नाहीत, पुता,
आम्ही पायांनीच बघतो.

संध्याकाळी तो माझ्या खिडकीशी.
भंगाराच्या खोलीत काही सळ्या होत्या.
नियमानं तीन सह्या लागतात.
मी किल्ली टेबलावर ठेवली
आणि चहाला गेले.
चहा त्या दिवशी बराच लांबला.

आता रॅम्पवर सळ्या आहेत, वेल्ड केलेल्या:
खाली विरळ, वर जाताना दाट, अगदी दाट.
काळोखातही पावलाला कळतं
चढ किती उरला.

(मध्यंतरी साहेबांनी सूचनापेटी बसवली होती,
कुलूपबंद, पितळी.
वर्षानं उघडली तर आत एकच चिठ्ठी,
मटक्याचा आकडा.
तोही लागला नव्हता.)

दोन बोटांत काय मावणार?
आधी ‘गंज’ लिहिलं, खोडलं.
मग ‘चहा’ लिहिलं, तसंच ठेवलं.
पणजीला वाटेल बाई थट्टा करते.

पण फॉर्म पाकिटात घालताना
सुदिन वेळीप समोरून गेला.
सहा वर्षांमागे, नवा होता तेव्हा,
त्यानं माझ्याकडे अर्धा पत्रा मागितला होता,
‘एक गोष्ट करून बघायची आहे.’
मी म्हटलं, कसली गोष्ट? किती खर्च?
कुणी सांगितलं? लेखी आण.
तो हसला. ‘कांय ना,’ म्हणाला.

तेव्हापासून खडूच्या रेघेवर वेल्डिंग करतो,
रेघ सोडून सूतभरही नाही.
त्याच्या कामात चूक दाखवून द्या कुणी.

आज थांबवून विचारलं,
सुदिन, ती गोष्ट काय होती रे?
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
खरंच आठवून पाहिलं थोडा वेळ.

‘कुठली, बाई?’