पिठ्या

सावळजहून बाबालाल मुजावर आले
गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पिठ्या ढेकूण घेऊन.
एप्रिलची छाटणी उरकलेली,
द्राक्षाच्या खोडाची साल सोलताना
नखांत गेलेला पांढरा भुगा अजून तसाच.
'बघा मॅडम, औषधाला दाद देत नाही.'

मी एक चिरडला काचेवर.
थेंबभर रंग. वर दुसरी काच.
लॅबमध्ये वीज नव्हती, म्हणून आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक
खिडकीकडे वळवला, उन्हाला.

पोटाच्या मधोमध एक पेव असतं,
हरिपूरला हळदीचं असायचं तसं,
तोंड लिंपलेलं, बाहेरचं वारं न लागलेलं.
पेवात जिवाणू.
जिवाणूच्या पोटात आणखी जिवाणू.
इथून पुढं माझं भिंग जात नाही,
म्हटलं, वाचलेलं सांगते.

वेलीचा रस म्हणजे नुसतं साखरपाणी,
त्यावर अंग धरत नाही.
मग एकजण चूल पेटवतो,
दुसरा थापतो,
उलटायला पुन्हा पहिल्याकडं,
आणि तव्यावरून उतरवायचं पिठ्यानं.
एका भाकरीला तीन घरं.
हे इतक्या पिढ्या चाललंय
की बाहेर काढून ठेवला तर
तिघांतला एकही तगायचा नाही.
आई अंड्यात घालून देते लेकीला,
विरजणाच्या कवडीएवढं.
लेकालाही देते, पण
पंख फुटेस्तोवर त्याचं संपून जातं.
त्याला तोंडच नसतं तेव्हा,
दोन दिवसांचा पाहुणा.

बाबालाल एक डोळा मिटून
बराच वेळ बघत राहिले.
भिंगाला लावलेलाच डोळा मिटला होता,
मी बोलले नाही.
'मग यातला पिठ्या कोण?'
मी काच पुसायला घेतली.
'आणि औषध मारायचं कुणावर?'

संध्याकाळी घरी, हरिपूरला.
घाटाच्या पायऱ्यांवरून वारणा कृष्णेत शिरताना दिसते.
इथवर तिला वारणा म्हणायचं.
पुढं कुणी हाक मारत नाही,
पाणी मात्र कमी झालेलं दिसत नाही.

डबी टेबलावरच राहिली होती.
सकाळी उघडली तर
एकीच्या मागं कापसाची पिशवी, शेंगदाण्याच्या सालीहून हलकी,
आत गुलाबी अंडी.
विरजण लागलं होतं.
झाकण लावलं, घट्ट,
आणि बाबालालना फोन करायचा
राहून गेला.