दहा बाय अकरा

विडी घरकुलात माप घ्यायला गेलो
तर दार पूर्ण उघडेना.
मागं निळी पिंपं, दोन.
"पाणी पाचव्या दिवशी येतंय, मिस्त्री,
पिंपं हलणार नाहीत,"
नागमणीबाई सुपातून नजर न उचलता म्हणाल्या.
बरं म्हटलं. पिंपं धरून बोलू.

टेप सोडला. दहा फूट एक इंच.
दुसऱ्या अंगानं अकरा, पण भिंत फुगलेली,
मधोमध पावणेअकराच.
पत्रा दाराशी सात, मोरीकडं नऊ.
म्हणजे डोक्यावर वजन न्यायचं
तर मोरीपाशी उभं राहूनच न्यायचं.
पोरगी हसली. श्रावंती.
त्रेसष्ट किलो गटातली,
राज्याला जाऊन आलेली,
तळहातांवर अजून पांढरी पूड.

बार सात फूट दोन इंच.
टोकांना चकत्या चढवायच्या
तर दोन्हीकडं सव्वा-सव्वा फूट तरी मोकळं पाहिजे.
आडवं येत होतं कपाट.
कपाटावर सूटकेस, सूटकेसवर गादी,
गादीवर पत्र्याला टेकलेला बिघडलेला पंखा.
"कपाट बाहेर," श्रावंती म्हणाली.
"तू बाहेर," आई म्हणाली.
मी चहा प्यालो.

रात्री अक्कलकोट रोडला, वर्कशॉपवर, लाइट गेलेली.
बॅटरीच्या उजेडात
खडूनं जमिनीवर खोली आखली.
पिंपं म्हणून दोन टायर.
कपाट म्हणून सिलिंडर.
बेंच म्हणून मीच आडवा झालो
आणि पोऱ्याला, मल्लूला, आई म्हणून कोपऱ्यात बसवलं,
मांडीवर सुपाऐवजी डब्याचं झाकण.
बराच वेळ गप्प बसला बिचारा.
मग म्हणाला,
"मालक, मी पाय कुठं पसरू बे?"

डायरी चाळली.
पत्र्याचं माप होतं, मोरीचं होतं,
पिंपांचा घेरसुद्धा लिहिलेला.
हे एकच राहिलं होतं.

सकाळी पुन्हा गेलो. "बाई, जरा पाय पसरा."
त्या लाजल्या, मग रागावल्या,
मग पानांचं ओलं फडकं बाजूला सारून
हळूहळू पसरले.
गुडघे पूर्ण सरळ होईनात.
"रोज हजाराचा माल असतोय," त्या म्हणाल्या,
"पसरायला वेळ कुठाय.
तीन फूट धरा."
मी तीन फूट धरलं.

रॅक बिजागरीवर घेतला.
पहाटे पाच ते सात उघडायचा,
नंतर दाराच्या पल्ल्यासारखा भिंतीला.
भिंत पोकळ, म्हणून बोल्ट आरपार काढले,
नट निघाले शेजारी गड्डमांच्या घरात.
भांडण होईल म्हणून भीत भीत गेलो.
त्यांनी एका नटाला कॅलेंडर लावलं होतं,
दुसऱ्याला दप्तर,
आणि विचारत होते, मोरीकडं अजून एक काढता येईल का.

शहाबादी फरशी फुटू नये म्हणून
साखर कारखान्याच्या भंगारातला जाड पट्टा अंथरला.
आठ दिवस मळीचा वास जाईना.
कपाट उचलून पिंपांच्या डोक्यावर चढवलं, अँगल मारून.
आता पाणी काढायला वाकावं लागतं,
त्यावरून मायलेकींची रोज कुरबुर.

बार बोळातून उभाच आणावा लागला,
गड्ड्याच्या यात्रेतल्या काठीसारखा,
एक धरणारा, चार सांगणारे,
वायरी सांभाळा, वायरी!
आत येताच नागमणीबाईंनी दोन्ही हातांनी
जरासा उचलून पाहिला.
"किती?"
"वीस किलो."
"पानाचं पोतं जड असतंय की याच्यापेक्षा,"
म्हणाल्या, आणि ओलं फडकं
त्यावरच वाळत टाकलं.
श्रावंती ओरडली. फडकं तिथंच राहिलं.

पैसे तीन हप्त्यांत.
दुसरा घ्यायला गेलो, दुपारी,
रॅक भिंतीला मिटलेला, पत्रा तापलेला.
बाई त्यालाच पाठ टेकून बसल्या होत्या,
सूप मांडीवर,
पाय समोर, काळ्या पट्ट्यावर.
तीन फूट कसले.
टाचा खडूच्या खुणेच्या बऱ्याच पुढं गेल्या होत्या.
टेप खिशात होता.
मी काही बोललो नाही,
चपला काढून पिंपाशी उभा राहिलो.