मधल्या वजनाचा रेणू

पिवळ्या पट्टीच्या अलीकडे
किल्ल्या, घड्याळ, बँकेचं कार्ड काढून ठेवायचं.
भरमाण्णा हुद्दार सोमवारी नायट्रोजन भरतो,
घोट्यापर्यंत पांढऱ्या वाफेत उभा राहून म्हणतो,
"बाई, चुंबक झोपत न्हाई, तुम्ही तरी झोपा की."

नळीत अर्धा मिलिलीटर पाणी,
त्यातला दहावा हिस्सा जड,
आणि विरघळलेल्या अकरा कड्या.
जांबोटीच्या ओढ्यातल्या एका बेडकाच्या कातडीवर
हा पेप्टाइड पहिल्यांदा सापडला.
आता तो कुरिअरनं येतो, चिमूटभर पांढरी पूड;
पाकिटावर बेळगाव खोडून बेळगावी केलेलं,
तरी पोचला.

पहिल्या रात्री काहीच नाही.
कर्णाच्या दोन्ही अंगांना कोरा कागद.

दोन प्रोटॉन पाच अँगस्ट्रॉमच्या आत आले
की एकाला हलवलं तर दुसऱ्याला लागतं.
हलक्या रेणूत ते लागणं अधिक चिन्हाचं,
जडात उणे.
माझा नेमका मधल्या वजनाचा.
शून्य.
भिंतीला भिंत लागून, आणि शेजार नाही.

(आई वडगावच्या बाजारात भाव कन्नडात पाडते,
सुटे मराठीत मोजते.
तिचं चिन्ह कुठलं, मी विचारलेलं नाही.)

मग पद्धत बदलली. फिरक्या एका दिशेला धरून ठेवल्या,
पाणी पाच अंशांवर आणलं.
चौदा तासांनी
तिसऱ्या कडीचा अल्फा आणि सहावीचा अमाइड
यांच्यामध्ये एक ठिपका,
इतका फिका की मी आधी पडदा पुसला.

म्हणजे तिथं वळण आहे.
कधी कधी आहे.

संगणकानं वीस आकृत्या काढल्या.
एकावर एक ठेवल्या तर मधलं वळण जुळतं,
दोन्ही टोकं मात्र उसवलेल्या काठासारखी
वीस दिशांना.
उळ्ळागड्डी सर फोनवर म्हणाले,
"छान. आता त्यातली एक निवडा. साकु."

भरमाण्णा रिकामी टाकी ढकलत आला,
पडद्याकडे बघत थांबला.
"ह्यातलं खरं कुठलं ओ?"
मी म्हटलं, सगळीच.
प्रत्येक एका क्षणापुरती,
आपण बघतो ती सरासरी.

तो पट्टीच्या पलीकडे गेला, खिसे चाचपले,
मागं वळला.
"मग रेशनकार्डावर
कुठला फोटो लावतासा?"